अस्थानी गर्भधारणा : वेळेवर निदान, सुरक्षित जीवन

जुन्या पुणे-मुंबई महामार्गाने पुण्याहून निघाले, की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही कारखान्यांची उपनगरे मागे पडतात आणि निगडी लागते. एकेकाळचे हे लहानसे खेडे. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली, सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली आणि खेड्याचे नगर झाले. आज पहाटेच्या पाळीला भक्ती-शक्ती चौकातून तळवडे व चाकणच्या दिशेने कंपन्यांच्या बसगाड्या निघतात. त्यांतून जाणाऱ्यांत तरुण स्त्रियांची संख्याही लक्षणीय असते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि परराज्यांतूनही आलेल्या या संसारांना सासर दूर आणि माहेरही दूर असते. घरात जाणत्या वयाची स्त्री नाही. अशा घरातील एखाद्या तरुणीची पाळी चार-सहा दिवस लांबते, मग ओटीपोटात एका बाजूला दुखू लागते, अंगावरून थोडेसे रक्त जाते. "पाळीच उशिरा आली," असे म्हणून ती दुखणे अंगावर काढते. कामाचा खाडा झाला तर पगार बुडतो, ही चिंता तर असतेच.

बहुतेक वेळा अशा दुखण्यामागे काळजीचे कारण नसते. परंतु काही वेळा हीच एका गंभीर संकटाची पहिली सूचना असते. गर्भ राहिलेला असतो, पण तो गर्भाशयात नसतो. वैद्यकशास्त्र यास अस्थानी गर्भधारणा म्हणते. सर्वसामान्य लोक 'गर्भ नळीत राहिला' असे म्हणतात. दर शंभर गर्भधारणांमागे साधारण एक किंवा दोन वेळा असे घडते. प्रमाण थोडे दिसले, तरी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मातेच्या जिवाला सर्वांत मोठा धोका ज्या कारणांनी होतो, त्यांत याची गणना होते. गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत या विकाराच्या निदानात व उपचारांत जे संशोधन झाले, त्याने एकेकाळी जवळजवळ निश्चित असलेला मृत्यू टाळता येऊ लागला आहे. मात्र या संशोधनाचे सारे यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे वेळ.

गर्भ अडतो कोठे?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीची एकेक नाजूक नळी असते. तिला अंडवाहिनी किंवा गर्भनळी म्हणतात. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचा संयोग याच नळीत, तिच्या बाहेरच्या रुंद भागात होतो. फलित झालेले बीज स्वतः चालू शकत नाही. नळीच्या आतील अस्तरावरचे सूक्ष्म केस आणि नळीच्या भिंतीचे मंद आकुंचन त्याला पुढे ढकलीत नेते. तीन-चार दिवसांत ते गर्भाशयात पोहोचते आणि आठवड्याभरात तेथे रुजते.

पूर्वी झालेल्या जंतुसंसर्गामुळे अस्तर खराब झाले असेल, नळी कोठे चिकटली अथवा अरुंद झाली असेल, तर हा प्रवास मध्येच खुंटतो आणि गर्भ नळीतच रुजतो. अस्थानी गर्भांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक गर्भनळीत आढळतात. क्वचित ते बीजकोशावर, गर्भाशयाच्या मुखाशी किंवा उदरपोकळीतही आढळतात. पूर्वीच्या सिझेरियन शस्त्रक्रियेच्या व्रणात गर्भ रुजल्याची पहिली नोंद १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिझेरियनचे प्रमाण वाढले, तसा हा प्रकारही डॉक्टरांना अधिक वेळा दिसू लागला आहे.

गर्भाशय हा स्नायूंचा जाड आणि लवचीक अवयव आहे. गर्भनळीला ती जाडी नाही आणि ती लवचीकताही नाही. वाढता गर्भ नळीच्या भिंतीत व तेथील रक्तवाहिन्यांत घुसत जातो आणि एका क्षणी नळी फुटते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले, तर बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ही वेळ येते. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात आल्यापासून हाती उरतात ते दोन ते चार आठवडे. नळी फुटल्यावर पोटात रक्तस्राव होतो. बाहेरून फारसे रक्त दिसत नाही, पण आत दीड-दोन लिटर रक्त साचू शकते. असा गर्भ नळीतून काढून गर्भाशयात बसविण्याचे कोणतेही तंत्र आजवर सिद्ध झालेले नाही. त्यामुळे गर्भ वाचविता येत नाही. वाचवायचे असते ते मातेला, आणि शक्य झाल्यास तिची पुढील मातृत्वाची क्षमता.

शवविच्छेदनापासून शस्त्रक्रियेपर्यंत

दहाव्या-अकराव्या शतकांत स्पेनमध्ये होऊन गेलेल्या अल-झहरावी या अरब शल्यविशारदाच्या लेखनात गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाचे वर्णन आढळते. परंतु वर्णन करता येणे निराळे आणि उपचार करता येणे निराळे. त्यानंतरची कित्येक शतके या विकाराचे निदान बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच होत असे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे शल्यविशारद लॉसन टेट यांना १८८१ मध्ये अशाच एका रुग्ण स्त्रीसाठी बोलावण्यात आले. नळी फुटली असावी, पोट उघडून ती बांधावी, असे तिच्या डॉक्टरांनी सुचविले. टेट धजले नाहीत. ती स्त्री दगावली. शवविच्छेदनात नळीतील फुटलेली जागा दिसली. ती बांधली असती, तर रक्तस्राव थांबला असता, हेही उघड झाले. हा प्रसंग टेट विसरू शकले नाहीत. १८८३ मध्ये त्यांनी फुटलेली नळी काढून एका स्त्रीचे प्राण वाचविले आणि या विकारावरील यशस्वी शस्त्रक्रियेचा पाया घातला.

पुढे १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांचा रक्तगटांचा शोध प्रसिद्ध झाला. कालांतराने रक्तपेढ्या आल्या आणि शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित झाली. जेथे रक्तपेढी दूर होती, तेथे शल्यविशारदांनी स्त्रीच्या पोटात साचलेले तिचेच रक्त गाळून तिच्याच शिरेत परत देण्याचा मार्ग अवलंबिला. साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयांत या पद्धतीने अनेक प्राण वाचले आहेत.

तथापि या सर्व प्रगतीत एक उणीव राहिली होती. उपचार सुरू होई तो नळी फुटल्यावर. खरा प्रश्न नळी फुटण्यापूर्वी ओळखण्याचा होता.

रक्ताची परीक्षा आणि ध्वनिलहरींची दृष्टी

गर्भ रुजताच त्याच्या आवरणातून एक विशिष्ट संप्रेरक मातेच्या रक्तात येऊ लागते. त्यास एच.सी.जी. म्हणतात. १९२०-३० च्या दशकात जर्मनीतील आश्हाइम व झोंडेक यांनी या संप्रेरकाच्या आधारे गरोदरपणाची पहिली विश्वासार्ह चाचणी शोधून काढली. स्त्रीची लघवी लहान उंदरांना टोचावयाची आणि काही दिवसांनी त्यांचे बीजकोश तपासावयाचे, अशी ती रीत होती. १९७२ मध्ये अमेरिकेतील ज्यूडिथ व्हायटुकायटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संप्रेरकाच्या 'बीटा' भागाची रक्तातील अत्यल्प मात्राही मोजणारी पद्धत प्रसिद्ध केली. अस्थानी गर्भधारणेच्या निदानात यामुळे क्रांती झाली.

गर्भ निरोगी असून योग्य जागी असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत या संप्रेरकाचे प्रमाण झपाट्याने वाढते. ४८ तासांत ते निदान निम्म्याने तरी वाढावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. वाढ मंद असेल किंवा थांबली असेल, तर डॉक्टरांना संशय येतो. म्हणूनच एकदा रक्त तपासल्यावर दोन दिवसांनी पुन्हा तपासण्यास सांगितले जाते. दुसरी तपासणी हा निष्कारण खर्च आहे, असे समजून ती टाळणे चुकीचे ठरते, कारण पहिल्या आकड्याचा खरा अर्थ दुसरा आकडा आल्यावरच उलगडतो. काही अस्थानी गर्भांतही वाढ नेहमीसारखी दिसते. म्हणून केवळ रक्ततपासणीवर विसंबून चालत नाही.

दुसरे साधन सोनोग्राफीचे. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गाठी व गर्भ पाहण्यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्यातील पाणबुडी शोधणारे तत्त्व येथे मातेच्या कामी आले. १९८० च्या दशकात योनिमार्गातून तपासणी करणारे उपकरण प्रचारात आले आणि पोटावरून न दिसणाऱ्या बारीक गोष्टी पाचव्या-सहाव्या आठवड्यातच दिसू लागल्या.

या दोन साधनांचा मेळ घालण्याचे काम अमेरिकेतील निकोलस कादर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये केले. रक्तातील संप्रेरक एका विशिष्ट पातळीच्या वर गेले असेल, तर सोनोग्राफीत गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही, तर गर्भ अन्यत्र असण्याचा दाट संशय घ्यावा. पोटावरील सोनोग्राफीसाठी त्यांनी ही पातळी ६,५०० एककांची धरली होती. योनिमार्गातील तपासणी आल्यावर ती दीड-दोन हजारांपर्यंत खाली आली. मात्र पुढे एक निराळाच धोका ध्यानात आला. फार खालची पातळी धरल्यास योग्य जागी असलेला, हवाहवासा गर्भही अस्थानी समजला जाऊन त्यावर औषध दिले जाण्याची भीती होती. म्हणून अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पातळी वापरावयाचीच झाल्यास ३,५०० पर्यंत उंच ठेवावी, असा सल्ला दिला. घाईचे निदान आणि उशिराचे निदान, दोन्ही घातक असतात, हा या संशोधनाचा धडा होय.

या प्रगतीचे फळ आकड्यांत स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९७० मध्ये दर दहा हजार अस्थानी गर्भधारणांमागे ३५.५ स्त्रिया दगावत होत्या. १९८९ मध्ये हे प्रमाण ३.८ वर आले. याच काळात तेथे या विकाराच्या नोंदी मात्र अनेक पटींनी वाढल्या होत्या. रोगी वाढले आणि मृत्यू घटले, याचे मुख्य श्रेय नळी फुटण्यापूर्वी झालेल्या निदानाकडे जाते.

आपल्याकडे सोनोग्राफीचे नाव निघताच गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा आठवतो. असा कायदा १९८८ मध्ये देशात प्रथम महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. या कायद्यामुळे गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत सोनोग्राफी करता येत नाही, असा काहींचा समज असतो. तो खरा नाही. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी जो 'एफ' नमुना भरावा लागतो, त्यातील ग्राह्य कारणांच्या यादीत गर्भ गर्भाशयात आहे की अस्थानी आहे, हे पाहणे या कारणाला पहिले स्थान दिलेले आहे.

एका औषधाचा प्रवास

लवकर निदान होऊ लागले आणि शस्त्रक्रियेवाचून उपचार करता येईल काय, असा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर ज्या औषधाने दिले, त्याच्या जन्मकथेत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन विभागाचे प्रमुख होते. फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वावर काम करीत असता त्यांच्या चमूने त्या आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी संयुगे तयार केली. त्यांतीलच एक मेथोट्रेक्झेट. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फॉलिक आम्लाची निकड असते. ती वाट अडविली की वाढ थांबते.

हे औषध आरंभी कर्करोगावर वापरले गेले. १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी गर्भावरणाच्या पेशींपासून होणाऱ्या एका कर्करोगावर त्याचा गुण येत असल्याचे दाखवून दिले. गर्भावरणाच्या पेशींवर हे औषध चालते, हे कळल्यावर पुढचे पाऊल १९८२ मध्ये जपानमध्ये पडले. तोशिनोबू तनाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी न फुटलेल्या अस्थानी गर्भावर मेथोट्रेक्झेट वापरून शस्त्रक्रिया टाळली. १९९१ मध्ये अमेरिकेतील थॉमस स्टोव्हॉल यांच्या चमूने एकाच इंजेक्शनाची सुटसुटीत पद्धत मांडली. स्त्रीची उंची आणि वजन यांवरून मात्रा ठरवावयाची, चौथ्या व सातव्या दिवशी रक्त तपासावयाचे आणि त्या दोन दिवसांत संप्रेरक निदान १५ टक्क्यांनी उतरले, तर औषध लागू पडले असे समजावयाचे, ही रीत आज जगभर रूढ आहे.

परंतु हे इंजेक्शन प्रत्येकीसाठी नाही. स्त्रीची प्रकृती स्थिर असावी, नळी फुटलेली नसावी, संप्रेरकाची पातळी फार वर गेलेली नसावी, गर्भाच्या हृदयाचे स्पंदन दिसत नसावे, यकृत व मूत्रपिंड निरोगी असावे, अशा अटी आहेत. उपचार चालू असता फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि पुढे सुमारे तीन महिने गर्भधारणा टाळावी लागते. शिवाय संप्रेरक पूर्ण नाहीसे होईपर्यंत दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. इंजेक्शन दिल्यानंतरही नळी फुटू शकते. म्हणून बरे वाटताच गावी निघून जाणे धोक्याचे आहे. ज्या स्त्रीला पुन्हा पुन्हा येणे शक्य नाही, तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. ही अडचण डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगितली पाहिजे.

दुर्बीण आणि नळीचा प्रश्न

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला पोटात घालावयाच्या दुर्बिणीची ओळख झाली, ती प्रामुख्याने कुटुंबकल्याणाच्या 'बिनटाक्याच्या' शस्त्रक्रियेमुळे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी संबंधित डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७० च्या दशकात पोटविकारांच्या निदानासाठीही दुर्बिणीचा उपयोग सुरू केला होता. अस्थानी गर्भाच्या बाबतीत फ्रान्समधील मॉरिस ब्रुहा यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून नळीला छेद देऊन गर्भ काढण्याची व नळी वाचविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पोटावरील मोठी जखम टळली, रुग्णालयातील मुक्काम कमी झाला आणि स्त्री लवकर कामावर परतू लागली.

नळी काढावी की वाचवावी, यावर मात्र अनेक वर्षे मतभेद होते. दुसरी नळी निरोगी असलेल्या ४४६ स्त्रियांवर नेदरलँड्स, स्वीडन, ब्रिटन आदी देशांतील रुग्णालयांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नळी वाचविलेल्यांपैकी ६०.७ टक्के स्त्रियांना पुढे नैसर्गिक रीतीने दिवस राहिले. नळी काढलेल्यांत हे प्रमाण ५६.२ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अर्थपूर्ण ठरला नाही. 'एक नळी गेली, आता मूल होणार नाही,' या भीतीने खचून जाणाऱ्या स्त्रीला आणि तिला बोल लावणाऱ्या सासरच्या मंडळींनाही हा निष्कर्ष आवर्जून सांगितला पाहिजे.

दोन्ही नळ्या निकामी झाल्यास काय, याचेही उत्तर आज उपलब्ध आहे. त्याच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आहे. नळीला वळसा घालण्यासाठी ज्यांनी प्रयोगशाळेतील गर्भधारणेचे तंत्र शोधले, त्या इंग्लंडमधील स्टेप्टो व एडवर्ड्स यांना १९७६ मध्ये पहिले यश मिळाले, ते नेमके गर्भनळीतच अडकले. ती गर्भधारणा अस्थानी निघाली. ते खचले नाहीत. १९७८ मध्ये लुईस ब्राउन जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातही असे बालक जन्मास आले.

संशोधनात अपयशही येते आणि तेही उपयोगी असते. मेथोट्रेक्झेटच्या जोडीला कर्करोगावरील जेफिटिनिब हे औषध दिल्यास शस्त्रक्रिया आणखी टळतील, अशी आशा होती. ब्रिटनमधील ५० रुग्णालयांत ३२८ स्त्रियांवर त्याची कसोशीने चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला. जादा औषध घेतलेल्यांपैकी ३० टक्के व न घेतलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांना शस्त्रक्रिया करावीच लागली. एका निरुपयोगी औषधापासून पुढच्या रुग्ण स्त्रिया वाचल्या, हेही थोडे नव्हे.

पिंपरीचे पेनिसिलीन, गडचिरोलीचा धडा

गर्भनळी खराब होते, ती मुख्यतः जंतुसंसर्गाने. स्वीडनमधील लुंड येथील एका दीर्घ अभ्यासात, ज्या स्त्रियांना पूर्वी नळ्यांचा दाह झाला होता, त्यांच्या पहिल्या गर्भधारणांपैकी ९.१ टक्के अस्थानी निघाल्या. दाह न झालेल्यांत हे प्रमाण अवघे १.४ टक्के होते. भारतात नळ्यांच्या क्षयरोगाचीही यात भर पडते.

या संदर्भात निगडीच्या शेजारच्या पिंपरीचे महत्त्व विशेष आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याने देशाला स्वदेशी पेनिसिलीन दिले आणि पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही दिले. प्रसूतीनंतरच्या व गर्भपातानंतरच्या ज्या संसर्गाने पूर्वी स्त्रिया दगावत, तो प्रतिजैविकांमुळे आटोक्यात आला. परंतु औषध उशिरा मिळाले किंवा अर्धवट घेतले गेले, तर जंतू मरतात आणि नळीवरचे व्रण तेवढे मागे राहतात. नळी पूर्ण बंद होत नाही आणि पूर्ण मोकळीही राहत नाही. अस्थानी गर्भाला अशीच नळी कारणीभूत होते. म्हणून औषधाच्या शोधाइतकेच ते वेळेवर व पूर्ण घेणे महत्त्वाचे आहे.

वेळेवर उपचार का मिळत नाहीत, याचे उत्तर महाराष्ट्रातच झालेल्या एका संशोधनाने दिले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि यापूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोट दुखणे हा बाईच्या जन्माचा भोगच, असे मानून त्या गप्प राहिल्या होत्या. गडचिरोलीचे जंगल आणि निगडीची वसाहत यांत शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे. मात्र लाजेने लपविलेले दुखणे दोन्हीकडे सारखेच असते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या आहेत. कुटुंबकल्याणाची शस्त्रक्रिया आणि तांबी ही दोन्ही साधने गर्भधारणा टाळीत असल्याने अस्थानी गर्भाचा एकंदर धोकाही कमीच करतात. परंतु ती असूनही क्वचित दिवस राहिलेच, तर तो गर्भ नळीत असण्याची शक्यता अधिक असते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात स्त्री-नसबंदीनंतरच्या दहा वर्षांत दर हजार स्त्रियांमागे सुमारे ७ अस्थानी गर्भधारणा आढळल्या. 'शस्त्रक्रिया झाली आहे, दिवस राहणारच नाहीत,' असे समजून पाळी चुकल्याकडे दुर्लक्ष करू नये. त्याचबरोबर सुमारे निम्म्या रुग्ण स्त्रियांत यांपैकी कोणतेही कारण आढळत नाही. म्हणजे सावध प्रत्येकीनेच राहिले पाहिजे.

गोळ्यांचा फसवा दिलासा

अलीकडील काळात एक नवा धोका उभा राहिला आहे. गर्भपाताच्या गोळ्यांना भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास त्या सुरक्षित आहेत. परंतु त्यांचे कार्य गर्भाशयातील गर्भावर चालते. नळीतील गर्भावर त्या निरुपयोगी असतात. तपासणी न करता परस्पर आणलेल्या गोळ्या घेतल्या, की अंगावरून रक्त जाते आणि काम झाले, अशी स्त्रीची समजूत होते. नळीतला गर्भ मात्र वाढतच असतो. पोटात दुखू लागले, तरी ते गोळ्यांमुळेच आहे, असे वाटून आणखी दोन दिवस जातात. हे दोन दिवसच प्राणघातक ठरू शकतात. गर्भपात हा कायद्याने मान्य केलेला उपचार आहे. तो लपवून करण्याचे कारण नाही. गोळी घेण्यापूर्वी गर्भ कोठे आहे याची खात्री करून घेणे हाच यातील सुरक्षित मार्ग होय.

घरी करावयाच्या लघवीच्या चाचणीलाही अशीच मर्यादा आहे. गर्भ राहिला आहे, एवढेच ती पट्टी सांगते. तो कोठे राहिला आहे, हे ती सांगू शकत नाही.

पहिल्या आठवड्यांची दखल

गरोदर मातेची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी, असा आरोग्य सेवेचा आग्रह असतो. दर महिन्याच्या ९ तारखेस होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः तिसऱ्या महिन्यानंतरच्या मातांसाठी. या योजनांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु अस्थानी गर्भाचे संकट त्याआधीच, सहाव्या ते आठव्या आठवड्यात येऊन ठेपते. म्हणून पाळी चुकून चाचणी सकारात्मक येताच आशा सेविकेला किंवा दवाखान्यात कळविण्याची सवय लागणे अगत्याचे आहे. पूर्वी अस्थानी गर्भ राहिलेल्या, नळीची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या स्त्रीने तर एक दिवसही दवडू नये.

पाळी चुकल्यानंतर ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला दुखणे आणि अंगावरून थोडे थोडे रक्त जाणे या पहिल्या खुणा आहेत. भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम सुटून अंग गार पडणे, शौचास होईलसे सारखे वाटणे आणि खांद्याच्या टोकाशी दुखणे ही पोटात रक्तस्राव होत असल्याची लक्षणे असू शकतात. खांद्याचे दुखणे ऐकून आश्चर्य वाटेल. पण पोटातील रक्त छातीखालच्या पडद्याला लागले, की त्याची कळ खांद्यात उमटते. कामाच्या श्रमाने खांदा भरून आला, असे समजून कित्येकदा ही खूण दुर्लक्षिली जाते. अशा वेळी घरगुती उपाय, काढा किंवा वेदनाशामक गोळी यांत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे.

पिंपरीतील संत तुकारामनगर येथे महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, तर मोहननगर येथे कामगार विम्याचे रुग्णालय आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाली. पाळ्या सुटण्याच्या वेळी चाकण-तळवडे रस्त्यावर वाहनांची किती कोंडी होते, हे या भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणून दूरध्वनी करण्यास उशीर करू नये. रुग्णालयात पोहोचल्यावर शेवटची पाळी केव्हा आली होती आणि कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या, हे न लपविता सांगावे. रक्तगट ऋण असल्यास तेही सांगावे, कारण पुढील गर्भाच्या रक्षणासाठी एका निराळ्या इंजेक्शनाची गरज आहे का, हे डॉक्टरांना ठरवावे लागते.

उपचारानंतर शरीर सावरते, पण मन सावरण्यास वेळ लागतो. स्त्रीने एक गर्भ गमावलेला असतो आणि मृत्यूही जवळून पाहिलेला असतो. तिला धीर देण्याची जबाबदारी पतीची व कुटुंबाची आहे. यात तिचा दोष नसतो. पुढील वेळी दिवस राहताच लवकर सोनोग्राफी करून घेतली, तर सुखरूप मातृत्वाची वाट मोकळी असते.

१८८१ मध्ये बर्मिंगहॅमच्या त्या अनाम स्त्रीला वाचविण्याचे साधन नव्हते. आज साधन आहे, औषध आहे, शल्यविशारद आहे आणि रक्तही आहे. निगडीच्या एखाद्या सेक्टरात किंवा चाकणच्या एखाद्या चाळीत पोटाला हात धरून, पहिली पाळी गाठण्यासाठी बसची वाट पाहणाऱ्या तरुणीपर्यंत हे सारे पोहोचावे, यासाठी एकच दुवा हवा आहे. तिने त्या दिवशी कामाचा खाडा करून दवाखाना गाठावा आणि तिच्या शेजारणीने, नवऱ्याने व मुकादमाने तिला तो गाठू द्यावा.